तिचं अ‍ॅप आधी उघडतं

बायकोला वेबसाइट बनवायला मीच शिकवलं. पुण्याची नोकरी सोडून नवापूरला परतलो तेव्हा गावात रिअ‍ॅक्ट, म्हणजे वेबसाइट-अ‍ॅप बनवायचं सगळ्यात चालतं तंत्र, येणारा मी एकटाच, निदान मला तसं वाटायचं. लग्नानंतर वर्षभर मी सांगेन ते ती वहीत उतरवून घ्यायची. मला ते फार आवडायचं.

मामांच्या पोल्ट्रीसाठी मी एक अ‍ॅप केलं होतं. कोणत्या शेडमध्ये किती पक्षी मेले, लस कधी दिली, सगळं त्यात भरायचं. मामांचा फोन जुना, शेडवर रेंज जेमतेम. अ‍ॅप उघडेपर्यंत पांढऱ्या पडद्याकडे बघत ते उभे राहायचे. मी त्यांना नवा फोन घ्यायला सांगायचो.

बायकोने तेच अ‍ॅप स्वेल्ट नावाच्या दुसऱ्या, हलक्या तंत्रात नव्याने लिहिलं.

"यात फोनवर कमी ओझं पडतं," ती म्हणाली.

मी हसलो. "असली खुळं दर वर्षी येतात. कामं रिअ‍ॅक्टचीच मिळतात."

रविवारी मामांनी शेडवर तिचं अ‍ॅप उघडलं. बोट टेकवलं आणि यादी समोर.

"हाई ते लगेच उघडनं! कोनी करं?"

"मी करं, मामा," ती म्हणाली.

मामांनी शेजारच्या दोन पोल्ट्रीवाल्यांना हाका मारून ते दाखवलं. मग माझ्याकडे वळले. "भाचा, तू बी शिकी ले ना हाई." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळत होतो.

त्यानंतर ती शाळेत शिकवायला गेली की मी तिचा कोड उघडून बसायचो. शिकायला नव्हे, चूक शोधायला. मी पानभर लिहिलेलं तिने चार ओळींत उरकलं होतं, ते वाचून आणखीच चिडायचो. तिसऱ्या दिवशी चूक सापडली. रेंज जाऊन परत आली की एकच नोंद दोनदा जात होती. इतका आनंद मला स्वतःचं काम जमल्यावरही झाला नव्हता. तिला मी काही बोललो नाही.

दोन दिवसांनी मामांच्या यादीत मेलेले पक्षी दुप्पट दिसले. रोग शिरला म्हणून त्यांनी विसरवाडीहून डॉक्टर बोलावला, मामी रडायला लागली. बायको शाळेतून थेट शेडवर गेली, खाद्याच्या पोत्यावर बसून तिने चूक दुरुस्त केली आणि दोघांची माफी मागितली.

घरी आल्यावर तिला माझ्या लॅपटॉपवर तिचीच फाइल उघडी दिसली.

"तुम्हाला हे दिसलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"मामांनी तुझं कौतुक केलं, ते मला सहन झालं नाही."

तिने लॅपटॉप मिटला. "तुमचं अ‍ॅप किती रखडतं ते मला केव्हापासून दिसत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून चारचौघांत एकदाही बोलले नाही मी."

दुसऱ्या दिवशी मी मामांना सगळं खरं सांगितलं. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. माझं अ‍ॅप मी बंद केलं. आता आम्ही दोघं मिळून आसपासच्या पोल्ट्रींची कामं स्वेल्टमध्येच करतो. फोन माझ्या नंबरवर येतात. "मॅडम घर शेतस का?" पलीकडून विचारतात. मी फोन तिच्या हातात देतो. देताना अजूनही क्षणभर थांबतो, आणि ते तिला दिसतं.