हिरव्या बांगड्यांचे तुकडे

काल मिस्त्री टाइल्सच्या फटींत व्हाइट सिमेंट भरत होता, त्या ओल्या वासाने डोंबिवलीतला काचेच्या दिव्यांचा क्लास आठवला. आम्हाला काचेच्या गोळ्यावर चिकटवायला रंगीत काचा दिलेल्या, पण शेजारी बसलेल्या काकूंनी घरून डब्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे आणलेले. "काकू, वाकडे तुकडे गोळ्यावर बसायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "बसवते," म्हणत काकू एकेक चिकटवत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "सुनेच्या आहेत. मुलगा गेला तेव्हा मीच फोडल्या. ती नको नको म्हणत होती, बायकांनी हात धरले." सिमेंट भरून, पुसून दिवे लावले, तेव्हा काकूंच्या दिव्याचा हिरवा उजेड माझ्या हातांवर आला. मी ते ओढणीत लपवले. भाऊ गेला तेव्हा कळव्याला वहिनीचे हात मी धरलेले. तिच्या बांगड्यांचे तुकडे कुणी उचलले, मला आजही माहीत नाही.