नवा काटा आणि तुराटी

वाशीमच्या बसस्टँडमागच्या त्या इलेक्ट्रिशियनचं नाव मला अजून ठाऊक नाही. दातांत सदा वायरचा तुकडा, विचारणार कसं?

आमच्या जीपच्या जुन्या पेट्रोल-काट्यानं भरल्या टाकीची थाप मारून आम्हाला मेडशीच्या रस्त्यावर ती ढकलायला लावली, तेव्हापासून आम्ही टाकीत तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, बुडवून पेट्रोल पाहायचो. या इलेक्ट्रिशियननं सगळं वायरिंग बदललं, नवा काटा बसवला. चावी फिरवताच काटा झोकात अर्ध्यावर गेला. मी खूश. त्यानं मात्र टाकीत तुराटी बुडवली, निरखून पाहिली.

"बराबर दाखवून राह्यला."

"मंग काटा कायले बसवला, भाऊ?"

त्यानं तोंडातली वायर काढली. "काटा पावण्यायले दाखवाले. पेट्रोल पाहाले तुराटीच लागते."

घरी आल्यावर दिसलं, नव्या काट्याखाली त्यानं तुराटी अडकवायला क्लिपही बसवली होती.