खंडेनवमीचा मुआयना

आषाढातली गोष्ट. सांगलीत आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात मी नकाशा टांगत होते, तेव्हा पर्समधला फोन थरथरला. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम माझाच, म्हणून घेतला नाही. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा बघितलं तर गावाकडून आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्या स्वतःहून कधी फोन लावत नाहीत. "ये गं," त्या म्हणाल्या, "तुझं मामा गेलं." जेवून पडवीत जरा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. आता जे लिहितेय ते लिहायला लाज वाटते, पण मामांवर लिहायचं तर खरंच लिहायला हवं. त्या क्षणी मला रडू आलं नाही. मनात एकच आलं... नऊ महिन्यांपूर्वी आपण या माणसाला नापास केलं होतं. त्याचंच तर हे झालं नसेल?

मामा म्हणजे माझे सासरे. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे हवालदार म्हणत. लष्कराच्या वाहनदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन आले तेव्हा इतरांनी घराला स्लॅब घातला, मामांनी मोटरसायकल घेतली. काळी, जड, लांब पल्ल्याची, उभी केली की अंगणात म्हैस बांधल्यासारखी दिसणारी. "म्हैस तरी दूध दिती," असं आत्या पुढची बावीस वर्षं म्हणत राहिल्या. दसरा झाला की मामा या गाडीवर फेरीला निघायचे. विटा, आटपाडी, तिथून खाली जत, अशी पाच दिवसांची फेरी. पलटणीतल्या जुन्या सोबत्यांची नऊ घरं. त्यातल्या काही घरांत पुढे नुसत्या बायकाच उरल्या, तरी मामांनी घर गाळलं नाही. ही घरं गावांत नव्हेत, माळावरच्या वस्त्यांवर. एसटी फाट्यावर सोडते, पुढं आपले पाय. म्हणून गाडी. आणि बावीस वर्षांत ती गाडी रस्त्यावर एकदाही बंद पडली नाही. पंक्चरसुद्धा मोजून दोनदा. गावातली पोरं नव्या कोऱ्या गाड्या ढकलत आणायची आणि हवालदारांच्या गाडीकडं बघून मान हलवायची. मला ते दैव वाटायचं, चांगली गाडी नशिबानं लाभते तसं. ते दैव कुठून यायचं हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं.

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळी मी हार, हळदकुंकू, नारळ असं ताट घेऊन अंगणात आले. विळे, खुरपी, कुऱ्हाडी मांडलेल्या होत्या, शेजारी गाडी. मामांनी हात आडवा केला. "आदी मुआयना, मग हार." मुआयना हा त्यांचा फौजेतला शब्द, म्हणजे तपासणी. लष्करातल्या प्रत्येक वाहनाची ठरल्या वेळी कसून तपासणी होते, आणि ज्याची गाडी तो ती करत नाही. तोवर दर वर्षी शेजारचे एक निवृत्त सुभेदार ती करत, ते वारले होते. मामांनी खाकी पुठ्ठ्याची वही माझ्या हातात दिली. अठरा ओळी स्वतःच्या हातानं आखलेल्या. टायर, ब्रेक, चेन, क्लचची वायर, स्पोक, दिवे... "औंदा तू बगायचं," म्हणाले. मी भूगोलाची बाई! मोटरसायकलला मागचा ब्रेक पायाने लागतो एवढंच ज्ञान. पण सासऱ्यांची गाडी, सणाचा दिवस. मी दोनदा गाडीभोवती फिरले, सगळ्या ओळींपुढं "ठीक" लिहिलं आणि ताट उचललं.

मामा बसले आणि मागच्या चाकाकडं बोट केलं. चाकाचा मोठा नट फिरू नये म्हणून त्यातून एक वाकवलेली बारीक पिन घालतात, ती नव्हती. त्यांच्या खिशात होती. पहाटे त्यांनीच काढून ठेवली होती. "जतपातूर गेलो आस्तो," ते शांतपणे म्हणाले, "आन मधी चाक निगालं आस्तं, तर?" मी म्हटलं, "मामा, तुमच्या गाडीत मी काय चूक काढणार?" तर एकदम आवाज चढला. "भीड भिकंची भन! गाडी कशाला दगा दील? तिला काय डोस्कं हाय? दगा देतो त्यो बगणारा." त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत त्यांनी मला एकेक गोष्ट दाखवली. पान्याने स्पोकवर हळूच वाजवायचं. घट्ट असला तर टण्ण वाजतो, ढिला असला तर बद्द. वायर नुसती बघायची नाही, हँडलवरच्या दांडीपाशी वाकते तिथं नखानं चाचपायची, कारण तार तुटते ती तिथंच. हार तोवर सुकून गेला होता. आत्या दारातून म्हणाल्या, "आवं, लेकराला जेवू तरी द्या." मामा म्हणाले, "लेकरू न्हाई, इनिस्पेक्टर हाय."

तेव्हापासून बारा दसरे. दर वर्षी ते गुपचूप एक खोड लपवून ठेवायचे आणि मी ती शोधायची. ब्रेकच्या दिव्याची सुटलेली वायर, चेनचा जास्तीचा सैलपणा, छत्तीस-चाळीस स्पोकांत एकच ढिला. सापडली की "बराबर" एवढा एकच शब्द. दोन वर्षं त्या दिवशी नाही सापडली. एकदा तर मी संध्याकाळपर्यंत शोधत होते आणि मामा बाजूला पाटावर बसून होते, ना हुं ना चूं. फेरी एक दिवसानं पुढं गेली, नऊ घरी निरोप गेले, पण त्यांनी बोट दाखवलं नाही; शेवटी ती मलाच शोधावी लागली. सरकारने गाडी पंधरा वर्षांची झाल्यावर तपासायला बोलावली, मग पुन्हा पाच वर्षांनी. मामा दोन्ही वेळा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि पास होऊन आले. "पाच वर्सांनी बोलावत्यात," हसून म्हणाले, "नट काय पाच वर्सं वाट बगतो व्हय?" मला या माणसाचा हेवा वाटायचा. आपण रोज शंभर गोष्टी "चालतंय की" म्हणून सोडून देतो. मामांनी कुठलीच सोडली नाही, आणि त्याचा कधी डांगोराही पिटला नाही.

वहीतली अठरावी ओळ होती "चालवणारा". तिथं मी दर वर्षी न बघता "ठीक" लिहायचे. मला वाटायचं, लष्करी कागदावरून उतरवताना तीही ओघानं उतरली असेल.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. हॉर्नची वायर सुटलेली सापडली. "बराबर." मी पुढं सरकले. पुढच्या ब्रेकच्या वायरीला दांडीपाशी नख लावलं, तर दोन तारा तुटून वर आल्या होत्या. मी हसत म्हटलं, "मामा, औंदा दोन खोड्या?" ते वायर चाचपू लागले. मागच्या टायरला बाजूने बोटभर चीर होती. "ही पण तुम्हीच...?" मामा वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला. अंगठा फिरवला, चिरेच्या वीतभर अलीकडं. मग मी त्यांचं बोट धरून चिरेवर ठेवलं, तेव्हा त्यांना ती कळली.

दुपारपर्यंत त्यांनी वायर बदलली, टायर बदलून आणला. गाडी सतरा ओळींत पास झाली. अठराव्या ओळीवर माझं पेन थांबलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "मामा, तो बोळाच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा आहे ना, त्याचा नंबर वाचा." म्हटलं आणि जीभ चावली. किती मूर्ख परीक्षा! तो ट्रॅक्टर माझ्या चुलत दिराचा. त्याच्यावरचा नंबर मामांनी स्वतःच्या हातानं, पांढऱ्या रंगानं रंगवला होता. झोपेत उठवलं असतं तरी त्यांनी म्हणून दाखवला असता. मनात आलं, बरं झालं. म्हणतील धडाधडा, मी ठीक लिहीन, दसरा गोड होईल. मामा बराच वेळ त्या दिशेला बघत उभे राहिले. नऊ घरं डोळ्यांपुढं असतील त्यांच्या, फाट्यापासूनचा माळ असेल. मग म्हणाले, "दिसत न्हाई."

"मामा..."

"लिव्ह."

मला लिहवेना. पेन हातात तसंच. "लिव्ह म्हणतो न्हवं? बारा वर्सं काय शिकवलं तुला?" मी "नापास" लिहिलं, अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "गाडी पास हाय," म्हणाले, "तिला हार घाल." आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं, आणि आत गेल्या.

आयुष्यात मी मोठी माणसं पुष्कळ पाहिली. सत्कार पाहिले, भाषणं ऐकली. पण पाठ असलेला नंबर न म्हणता "दिसत न्हाई" असं सांगणारा तो म्हातारा... तेवढं मोठं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

पुढचं सोपं नव्हतं. सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हा काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. सोनं वाटायला आलेल्यांना मामा स्वतःच सांगत सुटले, "औंदा एसटीनं. इनिस्पेक्टरनं नापास केलंय." लोक हसायचे आणि बोळाच्या वळणावर गेले की दुसरंच बोलायचे, सुनेनं सासऱ्याची गाडी काढून घेतली म्हणून. माझे यजमान एवढंच म्हणाले, "जरा दमानं घेतलं असतंस." मामा पाठीवर पिशवी टाकून फेरीला गेले, पाचाऐवजी अकरा दिवसांनी परत आले. पाय सुजले होते. आत्यांनी त्यांना गरम पाण्यात पाय सोडून बसवलं आणि त्या संध्याकाळी माझ्याशी फोनवर बोलल्या नाहीत. त्यानंतरही त्या नापासाबद्दल एक चकार शब्द त्यांनी काढला नाही. मला वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि मग आषाढातला तो फोन.

तेराव्याच्या दिवशी पंगती चालू असताना एक उंच, वाळलेला म्हातारा अंगणात आला. डोक्याला रुमाल, धुळीने भरलेले कपडे. जतच्या पलीकडच्या वस्तीवरचे मल्लाप्पा, मामांचे पलटणीतले सोबती, नऊ घरांतलं एक घर यांचं. मुलाच्या जुन्या मोटरसायकलवर एकटे एवढ्या लांबून आले होते. मामांच्या फोटोसमोर उभे राहिले, पाणी प्यायले आणि मोठ्यानं विचारलं, "इनिस्पेक्टर कोन ह्यात?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर ऐकावं लागणार.

"इष्णू आला हुता आमच्याकडं," मल्लाप्पा मामांच्या फोटोकडं बोट करून म्हणाले. "फाट्यावरनं चालत आला, धापा टाकत. म्या म्हनलं, काय रं, गाडी मोडली काय? तर हसाय लागला की! म्हनला, मल्ल्या, गाडी पास झाली, म्या नापास झालो. सुनंनं केलं. लय हसला गड्या त्यो. म्हनला, फौजंत म्या कुनाची भीड धरली न्हाई. आता माझी बी कुनी धरली न्हाई. आता म्या निवांत मरतो." ते थांबले, रुमालानं तोंड पुसलं. "नऊ बी घरात ह्येच सांगत गेलाय त्यो. आटपाडीवाल्याचा फोन आल्ता मला, तुला बी सांगितलं काय म्हनून."

माझे डोळे घळाघळा वाहत होते, पहिल्यांदाच, तेरा दिवसांत. मल्लाप्पांनी ते न बघितल्यासारखं केलं आणि खिशातून किल्ली काढली. "आक्का, परत जायाच्या आदी माझी बी गाडी बग. इष्णूनं सांगून ठिवलंय, तिकडं गेलास तर बगून घे."

हातातली भाताची परात मी ठेवली आणि पदर खोचून मातीत बसले. आधी टायर, मग वायर. मागचा ब्रेक पायाने दाबला तर पूर्ण खाली गेला आणि चाक फिरतच राहिलं. ब्रेकचे लायनर झिजून संपलेले. असला ब्रेक घेऊन हा माणूस दीडशे किलोमीटर आला होता! गावातली दुकानं त्या दिवशी बंद. मी उठले. पाहुणा, तोही म्हातारा, तेराव्याच्या दिवशी दारात आलेला. पंगतीतली माणसं घास हातात धरून बघत होती. यजमान लांबूनच नको नको म्हणून मान हलवत होते.

"काका," मी म्हटलं, "नापास. ब्रेक नाही. गाडी इथंच राहू दे, तुम्ही एसटीने जा."

अंगणात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "आगं, पावन्याला आसं..." मल्लाप्पा किल्ली मुठीत धरून उभे. आणि उंबऱ्यातून आत्या म्हणाल्या, माझ्या मुआयन्याबद्दल नऊ महिन्यांत पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"तिनं सांगितलं म्हंजे सांगितलं. आवं मल्लाप्पा, द्या किल्ली तिच्याजवळ."

त्यांनी दिली. आम्ही ती गाडी ढकलत शेडमध्ये नेऊन मामांच्या गाडीशेजारी लावली. आत्या तोवर चुलीपाशी गेल्या होत्या, एसटीत खायला म्हणून मल्लाप्पांना भाकरी बांधून देत होत्या.