साडूभाऊंचा ऑक्सिजन

जगात जे जे म्हणून बिघडतं ते ऑक्सिजनमुळे बिघडतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असावा, आणि तो माझा साडू आहे. एकाच घरच्या दोन बहिणी आम्ही केल्या, त्यामुळे सणावाराला शेजारी शेजारी पाटावर बसणं आलं, आणि साडूभाऊ शेजारी बसले की ऑक्सिजन आलाच. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून ते रिटायर झाले. कॉलेज सुटलं, केमिस्ट्री काही सुटली नाही. कुणाच्याही फाटकाला गंज दिसला की ते थांबतात, नखाने खरवडतात आणि घरमालकाला बाहेर बोलावून त्याची कारणं सांगतात. घरातलं तेल खवट झालं की माझ्या मेव्हणीला वाटतं डबा फेकावा, यांना वाटतं व्याख्यान द्यावं. चिरलेलं सफरचंद तर ते काळं पडेपर्यंत कुणाला खाऊ देत नाहीत, आणि काळं पडल्यावर कुणी खात नाही.

"ऑक्सिजन म्हणजे जावई," हा त्यांचा लाडका सिद्धांत. "घरात पाहिजेच, त्याच्याबिगर शोभा नाही. जोडीनं आला तं ठीक. एकटा मोकाट सोडला का दिसंल त्याले हात लावते अन् सत्यानाश करते. समजलं का साडूभाऊ?" यावर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "मंग माह्या घरी दोन मोकाट आहेत." आम्ही दोघेही हसायचो, ते जरा जास्त.

सावधगिरी शिकवावी तीही त्यांनीच. फरशी पुसायच्या फिनाईलसाठी मेव्हणीला त्यांनी रबरी हातमोजे आणून दिले होते. स्वतः मात्र कशालाही उघड्या हातांनी भिडायचे. "मले रिॲक्शन माहीत आहे ना," म्हणायचे. जणू विष आधी समोरच्याचं शिक्षण विचारतं आणि मग अंगाला लागायचं की नाही ते ठरवतं.

त्या वर्षी अधिक महिना पावसाळ्यात आला आणि सासूबाईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. त्यांच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर माणसाच्या उंचीचं गाजरगवत माजलं होतं. साडूभाऊंनी ते मनावर घेतलं. मौद्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून तणनाशक आणि पाठीवरचा फवारणी पंप आणला, आणि जेवणाच्या दिवशीच सकाळी नुसत्या बनियनवर गवतात शिरले. पंप गळत होता. उकाड्याने त्यांच्या पाठीवर घामोळं आलं होतं आणि खाजवून खाजवून त्यांनी ते सोलून काढलं होतं. मी व्हरांड्यातून ओरडलो, "साडूभाऊ, पाठ भिजून राहिली तुमची!"

"पाणीच आहे गा ते," ते तिकडून ओरडले. "दवाई नावाले आहे."

फवारणी संपवून ते दारात आले तेव्हा सासूबाई निरांजन लावून, नवा सदरा हातात धरून उभ्या होत्या. खरं तर आधी आंघोळ करा म्हणायला हवं होतं. पण धोंड्याच्या दिवशी ताटकळलेल्या सासूसमोर जावयाला न्हाणीघरात कोण पिटाळणार? जावई म्हणजे त्या दिवशी देवच. देवाने पंच्याने तोंड पुसलं, ओल्या बनियनवरच तो टेरिकॉटचा सदरा चढवला आणि ओवाळून घेतलं. मग पुरणाचे धोंडे खाल्ले, अनारशांची तारीफ केली, आणि त्याच सदऱ्यात संध्याकाळपर्यंत झोप काढली.

दोन दिवसांत पाठीची सालपटं निघाली, उलट्या सुरू झाल्या, छाती धडधडायला लागली. दवाखान्यात नेलं, तर तपासायला आलेली डॉक्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. "सर, तुम्ही!" म्हणत ती वाकून पाया पडली. मग तिने विचारलं, "सर, अंगावर काही पडलं का? काही फवारणी वगैरे केली?"

साडूभाऊ छताकडे बघत म्हणाले, "नाही. घरचं तेल खवट होतं."

"माझं तेल?" मेव्हणी एवढ्या दुःखातही भडकली.

मी बोलणार होतो, पण त्यांनी माझा हात असा घट्ट दाबला की मी गप्प बसलो. ज्या पोरीला वर्गात हातमोज्याशिवाय परीक्षानळी धरू दिली नाही, तिच्यासमोर गळका पंप कबूल करायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

थोड्या वेळाने त्यांना धाप लागली. नर्सने ऑक्सिजनचा मास्क लावला, त्यांनी काढला. तिने पुन्हा लावला, यांनी पुन्हा ओढून काढला. "काहून काढता काका? सीधं पडून राहा ना!" ती वैतागली. साडूभाऊ मास्क मुठीत धरून माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरलेले. मला त्यांचा मोकाट जावई आठवला, आणि माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याच्याही डोक्यात उजेड पडला. पाठीतून भिनलेलं ते तणनाशक अंगात असताना वरून ऑक्सिजन देणं म्हणजे आगीत तेल ओतणं, हे त्या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं. गुदमरायला ते तयार होते, सांगायला नाही.

मी सगळं सांगून टाकलं. गळका पंप, सोललेली पाठ, ओल्या बनियनवरचा सदरा. बाकावर बसलेल्या सासूबाई पुटपुटल्या, "सदरा तं मीच देल्ला वं बाई." साडूभाऊंनी चादर तोंडावर ओढून घेतली.

डॉक्टरने धावपळ करून उपचार बदलले, मास्क बाजूला ठेवला. मग पडद्याबाहेर आम्हाला समजावलं, "हे तणनाशक शरीरातल्या ऑक्सिजनला मोकाट करतं. मोकाट झाला की तो जाळत सुटतो. फुफ्फुस तर आहेच, पण हृदयाला घडीभर आराम नसतो, त्याला ऑक्सिजन सगळ्यात जास्त लागतो, म्हणून त्याचे स्नायूही होरपळतात. सर आम्हाला शिकवायचे ना, ऑक्सिजन म्हणजे..." आणि सासूबाईंकडे बघून ती थांबली. पडद्याआड खोकल्याचा आवाज आला. त्यांनी ऐकलं होतं.

ते वाचले. हृदय मात्र अधू झालं. दोन जिने चढले की बसावं लागतं. मेव्हणी म्हणते मी त्यांचा जीव वाचवला. मला मात्र त्यांच्यासमोर जायची अजून लाज वाटते, कारण चारचौघांत त्यांना उघडं पाडलं तेही मीच. आणि ते तर माझ्याहून जास्त लाजलेले. गंजलेली फाटकं आता ते मान खाली घालून ओलांडतात.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मेव्हणीने चिरलेल्या सफरचंदाची बशी मध्ये ठेवली. कुणी हात लावला नाही. फोडी हळूहळू काळ्या पडत होत्या. शेवटी मला राहवलं नाही.

"साडूभाऊ, हे सफरचंद काळं काहून पडते हो?"

"तुमाले माहीत आहे."

"मले कुठं? मी कॉमर्सवाला."

त्यांनी बशी जवळ ओढली. ओठ हलले. तो ऑक्सिजनवाला जावई आता येतो, असं वाटलं. पण तो काही आला नाही. त्यांनी एक काळी फोड उचलून माझ्या हातावर ठेवली, एक स्वतः घेतली.

"खा," ते म्हणाले. "गोडच आहे अजून."