हरलेल्या जोडीचंई नाव

माह्या पुनाराम मामाजीले माइक द्या आन् मंग पाहा! शंकरपटात बैलजोड्या सुटल्या का मामाजी जोडीचं गाव, मालक, मालकाचा बाप, सारं एका दमात सांगत. जितलेल्याचं सांगत, आन् हरलेल्याचंई तेवढ्याच जोरानं. “धावला त्याचं नाव घ्याच लागते,” म्हनत. मधात पटावर बंदी आली आन् त्याईचा माइक गेला. एवढा बोलका मानूस घरात गुमसुम बसून राहे. मले पाहवे ना.

मी बालाघाटात कॉम्प्युटर शिकवत होती. मोबाइलवर कोनी गेम खेळला का बाकीच्याईले तो लाइव्ह दिसला पाह्यजे, अशी वेबसाइट मी बनवली, ‘आपला पट’. आन् बोलाले बसवलं मामाजीले. गेमातल्या मोटारी त्याईच्यासाठी बैलच! “घे रे घे, वळनावर दाब!” लोक येडे झाले. सहा महिन्यांत गोंदिया, भंडारा, शिवनीचे पाच हजार लोक एका वेळी पाहून राह्यलते. मी हवेत होती, खोटं काहून बोलू? पन वेबसाइटवर माहं नाव कुठीच नव्हतं, नुसतं ‘अ‍ॅडमिन’. बुडाली तं कोनाची बुडाली हे लोकाईले समजाले नोको, एवढी माही अक्कल.

मंग मामाजीनं घोळ केला. खेळनारे सारे टोपननावानं खेळत, मामाजी संग गाव तेवढं सांगत. वेबसाइटवर नोंदनी करताना लिवलेल्या त्याईच्या खऱ्या नावाची यादी मामाजीच्या हाती लागली. भर दुपारी ते गरजले, “हा काळा वाघ म्हंजे लालबर्र्याचा राजेंद्र, दुलीचंदचा पोरगा!” राजेंद्र तवा राईस मिलमधी ड्युटीवर होता, आन् त्याचा शेठ तेच पाहून राह्यलता. पाठोपाठ, “रामपायलीची दीपिका, शेवंताबाईची सून!” दीपिकानं सासूले सांगतलं होतं, डोकं दुखते म्हनून झोपली.

माय वो! आठ दिवसांत अर्धे खेळनारे पसार.

मी भडकली. “मामाजी, नाव काहून घेता तुमी? लोक लपून खेळतेत!”

“लपून कोनी पटात उतरते का वो?” मामाजी म्हने. खरंच समजलं नव्हतं त्याईले.

मी शपथ घातली. मंग ते नुसतं “काळा वाघ पुढं, निळा विंचू मांगं” असं बातम्या वाचल्यावानी बोलाले लागले. तं पाहनारेई उठून गेले. लोक गेम पाहाले येतच नव्हते, आपल्या गावाचं नाव आयकाले येत होते. मले हे लय उशिरा समजलं.

असंच रखडत दोन वर्षं भरली, आन् शेवटच्या दिवशी अकरा जन उरले होते. मी वेबसाइट बंद कराले बसली, तं मामाजीनं माइक ओढला.

“हरलेली जोडी, बालाघाटची!”

मी त्याईचा हात धरला. “नोको ना मामाजी. माहं नाव नोको.”

“धावली ना तू?”

“हौ.”

“मंग?” आन् त्याईनं जुना आवाज काढला, “एका बाजूनं पुनाराम, दुसऱ्या बाजूनं आम्रपाली, धम्मपालची पोरगी! दोन वर्षं धावली, मान खाली घातली नाही!”

मी रडली. पन लाज नाही वाटली, बाप्पा.

तेवढ्यात स्क्रीनवर खाली एक ओळ आली, ‘मी लालबर्र्याचा राजेंद्र, दुलीचंदचा पोरगा. आयकलं.’ मंग दीपिकाची आली. मंग एकामांगं एक अकराही जनाईनं आपलं नाव, गाव, बापाचं नाव लिवलं. एकानंई टोपननाव लिवलं नाही.

मी ‘अ‍ॅडमिन’ खोडलं, आन् त्याईच्या खाली बारावं नाव लिवलं.