न बोललेलं वाक्य

ती दुपार आजही माझ्या मनातून गेलेली नाही. आणीबाणी नुकतीच उठली होती. इतके महिने तोंड मिटून बसलेले लोक चौकाचौकात सभा घेऊ लागले होते. मी तेव्हा उत्तर नागपुरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो.

आमच्या हद्दीत रस्त्याच्या एका बाजूला छप्पन साली बौद्ध झालेल्या कुटुंबांची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला बाजारगल्ली, तिथे बहुतेक हिंदू दुकानदार. आदल्या संध्याकाळी वस्तीच्या मैदानावर सभा झाली. तिथल्याच एका तरुण मास्तरने भाषण केलं. सभेला रीतसर परवानगी होती. बंदोबस्ताचा शिपाई मात्र रहदारी सांभाळत राहिला. मास्तर काय बोलले, हे त्याला सांगता येईना.

खबर आणली ती दोन्हीकडे भाजी विकणाऱ्या एका बाईने. "साहेब, बाजारात माणसं जमून राहिली. मास्तर देवीबद्दल अन् बाजारातल्या बायांबद्दल घाण बोलला म्हणते. वस्तीत शिरायचं चाललंय. तुम्ही काहून बसले?"

मी जमादाराला हाताशी होती तेवढी माणसं देऊन रस्त्यावर उभं केलं आणि कंट्रोल रूमला फोन लावून जादा कुमक मागितली. ती यायच्या आत जमावच ठाण्यावर आला. पुढे एक गृहस्थ होते. त्यांना वॉर्डातून निवडणूक लढवायची होती, हे हद्दीत सर्वांना माहीत होतं. मास्तरला आत्ता अटक करा, नाहीतर आम्ही आमचं बघून घेऊ, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आरडाओरडा करणाऱ्या माणसापेक्षा असा शांत माणूस मला नेहमी अधिक धोक्याचा वाटत आला आहे. सोबत त्यांनी तीन साक्षीदार आणले होते.

मास्तर बोलावण्याआधीच मागच्या दाराने आले होते. मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं. बोलणं ठाम होतं. "साहेब, ते वाक्य माझं नाही. मी म्हटलं, ज्या देवळाची पायरी माझ्या आजीले चढू दिली नाही, त्या देवाशी मले काही घेणं नाही. हे लिहून घ्या. हे मी कोर्टातही बोलीन."

हे ऐकून बाजारातल्या एखाद्याला झोंबलं असतं, यात शंका नाही. पण झोंबणं म्हणजे गुन्हा नव्हे. मास्तरच्या नावावर फिरणारं वाक्य वेगळंच होतं. बायकांची अब्रू काढणारं, ऐकताच हात दगडाकडे जावा असं. ते मी इथे लिहीत नाही. एकदा पसरलं तेवढं पुरे झालं.

साक्षीदारांना मी वेगवेगळं बसवून जबाब घेतले. पहिल्या दोघांनी ते वाक्य अक्षर न् अक्षर सारखं सांगितलं. इथेच मला शंका आली. चार माणसं एकच भाषण ऐकतात तेव्हा चार तऱ्हेने सांगतात. मी विचारलं, "या वाक्याच्या आधी मास्तर काय म्हणाले?" आठवत नाही. "नंतर?" आठवत नाही. "भाषण उभ्याने झालं की बसून?" एक म्हणाला उभ्याने, दुसरा म्हणाला बसून.

तिसरे साक्षीदार म्हणजे म्हातारे कापड दुकानदार. रोज देवळात जाणारे, गल्लीत शब्दाला मान असलेले. बाहेर घोषणा वाढल्या होत्या, खिडकीच्या गजांवर एक दगड आदळला. काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

मी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः ऐकलं?"

ते म्हणाले, "मी दुकानाच्या ओट्यावर बसून होतो. भोंग्यावरून सारं भाषण ऐकलं. देवाबद्दल बोलला ते मले लागलं. जेवलो नाही मी काल. पण हे बायांबद्दलचं तो बोलला नाही."

"मग आलं कुठून?"

त्यांनी मानेने बाहेर उभ्या असलेल्या त्या गृहस्थांकडे खूण केली. "सकाळी यांनीच दुकानात येऊन सांगितलं, असं असं बोलला म्हणून जबाब द्या. मी रागात होतो, हो म्हटलं."

"हे तुम्ही लोकांसमोर सांगाल?"

"मले उद्या त्याच गल्लीत दुकान उघडायचं आहे, साहेब."

मी आग्रह केला नाही. जबाबावर सही करून तेच उठले, धोतर सावरलं आणि ठाण्याच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. मी शेजारी उभा होतो. ते म्हणाले, "मी ओट्यावर बसून सारं ऐकलं. मास्तरचं भाषण मले आवडलं नाही. पण आपल्या बायांबद्दल तो काही बोलला नाही. ते वाक्य मले सकाळी सांगण्यात आलं. कोणी सांगितलं ते मी लिहून दिलं आहे."

कोणीतरी त्यांना शिवी दिली. पण मागची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात कुमकेची गाडी आली आणि जमाव पांगला. त्या गृहस्थांवर दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचा गुन्हा दाखल झाला. वाक्य पढवलेलं होतं हे पहिल्या दोघा साक्षीदारांनीही नंतर कबूल केलं, पण कोर्टात ते उलटले आणि गृहस्थ सुटले. काकांच्या दुकानात काही महिने गिऱ्हाईक कमी झालं, त्याची तक्रार मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही.

पुढे एकदा मास्तर आभार मानायला त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा मी गस्तीवर तिथेच होतो. काका म्हणाले, "आभार कायचे? तू देवाबद्दल बोलला ते मले अजून पटलं नाही गा."

मास्तर म्हणाले, "मीही ते मागे घेणार नाही, काकाजी."

"नको घेऊ. चहा घे."

पुढच्या नोकरीत भाषणांच्या तक्रारी पुष्कळ आल्या. "आमच्या भावना दुखावल्या" असं म्हणत लोक येत, आणि बहुतेकांच्या खरोखरच दुखावलेल्या असत. मी त्यांना आधी एवढंच विचारायचो, तुम्ही स्वतः ऐकलं का? ऐकून दुखावलेला माणूस बहुधा वाद घालतो, फार तर एक दिवस जेवत नाही. दगड उचलताना मी पाहिली ती माणसं बहुतेक न ऐकलेलीच होती.