कांडपावरचा प्रयोग

लालबागच्या मिरची कांडपावरून गेलो की आजही ठसका लागतो आणि सावंतकाकू आठवतात. आपला मसाला कुटून हातात येईपर्यंत बायका तिथे पहारा देत बसत, कारण कांडपवाल्यावर कुणाचाच भरवसा नसे.

माझा मित्र मधू नव्या धर्तीच्या कथा लिहायचा. मी परळच्या एका प्रयोगशाळेत होतो. "बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि बघत राहायचं," ही आमची रीत मीच त्याला सांगितली होती. एका दुपारी आम्ही कांडपावर उभे होतो; बायका बोलण्यात गुंतल्या असताना त्याने माझ्यादेखत रांगेतल्या मिरचीच्या दोन डब्यांची अदलाबदल केली.

"ह्यो माझो मसालो न्हय! माझी मिरची खंय गेली रे, मेल्या?" काकू कडाडल्या.

"काकू, गणपतीची शप्पथ, मी नाय बदलली," कांडपवाला दाजीबा म्हणाला.

मधू एकेक चेहरा निरखत होता. त्यावर लिहिलेली त्याची कथा पुढे गाजली. संशय कसा पसरतो ते त्याने अचूक टिपलं, असं अजूनही म्हणतात. दाजीबाचं गिऱ्हाईक मात्र तुटलं ते कायमचं.

त्या वेळी दाजीबा माझ्याकडे वळला होता. "भाऊ, तुम्ही तर इथंच उभे होता. सांगा ना यांना."

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.